आव जाव, सर्व्हर तुम्हारा

"मेल जातेय ना? मग हात लावू नका."

पुण्यातल्या लहानसहान ऑफिसांचे मेल सर्व्हर सांभाळून मी पोट भरतो, आणि या धंद्यात कानावर पडलेलं हे सगळ्यांत महागडं वाक्य. ते उच्चारणारी व्यक्ती बहुधा फिरत्या खुर्चीत असते. सर्व्हर बहुधा जिन्याखाली असतो, झाडू आणि फिनाइलच्या शेजारी. आणि मेल खरंच जात असते. जाणारच! ती जाते की नाही हा प्रश्न कधी नव्हताच. कुणाकुणाची जाते, हा आहे. आणि कुणाची जात नाही, हा त्याहून मोठा. एरवी समोरच्याची जात काढायला आपण केवढे तत्पर. सर्व्हरपाशी मात्र 'कुणाची जात नाही?' असं विचारायचं एकालाही सुचत नाही.

तर रिले. नाव ऐकून दचकू नका. कन्सल्टंट मंडळींनी त्याभोवती जेवढा धूप जाळलाय तेवढं त्यात काही नाही. सोसायटीचा वॉचमन डोळ्यांपुढं आणा. कुणी येऊन म्हणालं, "हे पाकीट तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांचं," तर वॉचमन ते ठेवून घेतो. आणणारा कोण, कुठला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पाकीट आपल्या रहिवाशाचं आहे ना, बास. आता दुसरा येतो आणि म्हणतो, "हे नागपूरला पोचवा." इथं वॉचमननं विचारायचं, "आपण कुठल्या फ्लॅटचे?" फ्लॅटचा असेल तर ठीक, नागपूर तर नागपूर. नसेल तर रस्ता दाखवायचा. संपलं शास्त्र! घेणारा आपला का? नसेल, तर देणारा आपला का? दोन्हींना उत्तर 'नाही' असेल तर सर्व्हरनं '५५४ ५.७.१' असा आकडा लावून 'रिले ॲक्सेस डिनाइड' म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तीन कलमांत लिहितात: ओळखीच्या नेटवर्कमधला असेल तर सोडा, पासवर्ड दाखवला असेल तर सोडा, बाकीचे परगावचं टपाल घेऊन आले तर हाकला. पहिलीतल्या पोराला जमेल. म्हणूनच बहुधा मोठ्यांना जमत नाही.

एक काळ असा होता की हे प्रश्न विचारणंच असभ्य समजत. जॉन पोस्टेल यांनी १९८२ च्या ऑगस्टमध्ये आरएफसी ८२१, म्हणजे एसएमटीपी या मेल पोचवण्याच्या नियमांची घटना, लिहिली तेव्हा नेटवर्कवर होती ती विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि लष्करी खाती. एकमेकांची मेल पुढं ढकलणं हा शेजारधर्म. याच पोस्टेल यांचं ते प्रसिद्ध सूत्र: आपण पाठवताना काटेकोर असावं, दुसऱ्याचं घेताना उदार असावं. साधुपुरुषाला शोभावं असं. त्या काळात पत्त्यात टक्क्याचं चिन्ह घालून 'मधू%मुंबई@पुणे' असं लिहिलं, की पुण्याचा सर्व्हर आपलं नाव खोडून, टक्क्याच्या जागी ॲट टाकून, पत्र मुंबईला रवाना करी. (उदाहरण माझं. पुण्यानं मुंबईसाठी फुकट हमाली केल्याची नोंद इतिहासात नाही.)

मग नव्वदीत व्यापारी आले आणि त्यांनी शेजारधर्माचा भाव काढला. उघड्या सर्व्हरच्या हातात एक जाहिरात आणि हजार पत्ते ठेवायचे. वाहतुकीचा खर्च त्याचा, अब्रू त्याची, गल्ला यांचा. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांच्या काळ्या यादीनं स्पॅमचे उगम अडवायला घेतले. १९९८ मध्ये सेंडमेल या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरनं ८.९ या आवृत्तीत परक्यांचा रिले मुळातच बंद करून टाकला. १९९९ च्या फेब्रुवारीत आरएफसी २५०५ नं बजावलं, की रिलेला आवर घालण्याची सोय प्रत्येक सर्व्हरमध्ये असलीच पाहिजे. पण सेंडमेलनं दिलदारीनं एक खिडकी ठेवली. जुन्यासारखं सताड उघडं हवंच असेल, तर एक फीचर चालू करा. त्याचं अधिकृत नाव 'प्रॉमिस्क्युअस रिले'. म्हणजे स्वैराचारी! ज्यानं हे बारसं केलं त्याला माझा मुजरा. टाइप करतानाच माणसाला लाज वाटावी, एवढी माणुसकी फार थोड्या सॉफ्टवेअरमध्ये असते.

थोडक्यात, या दुखण्यावरचं औषध बाजारात येऊन पाव शतक उलटलं. आमचा पेशंट अजून अंगारा लावतोय.

एका माणसानं तत्त्व म्हणून दार उघडं ठेवलं होतं, हे आधी मान्य करतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी एक, जॉन गिल्मोर. पत्र पोचवणं हा गुन्हा नाही आणि ते अडवणं ही मुस्कटदाबी आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी २००१ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीशी त्यांचं वाजलं, ते काळ्या याद्यांत गेले, तरी गडी ढळला नाही. मला ते पटत नाही. पण त्या हट्टाला कणा आहे.

आमच्याकडं दार उघडं असतं ते तत्त्वासाठी नव्हे. स्कॅनरसाठी.

हसू नका. पन्नासएक ऑफिसं पाहिल्यावर सांगतोय. प्रत्येक ऑफिसात कोपऱ्यात एक धिप्पाड यंत्र असतं; ते छापतं, झेरॉक्स काढतं, स्कॅन करतं आणि स्कॅन केलेला कागद मेलनं पाठवतं. त्याचा ॲडमिन पासवर्ड जो पोरगा जाणत होता तो दोन नोकऱ्या बदलून बंगळुरूला गेला. सर्व्हरनं त्या यंत्राकडं पासवर्ड मागितला, की ते ठणाणा करतं. मग काय करायचं? शहाणा माणूस म्हणेल, यंत्राला पासवर्ड शिकवा. कन्सल्टंट म्हणतो, "सर, पूर्ण नेटवर्कच ट्रस्टेड करून टाकू." ट्रस्टेड! काय भारदस्त शब्द आहे. तेवीस माणसांच्या ऑफिसासाठी ओळखीच्यांच्या यादीत तो १९२.१६८.०.०/१६ लिहून मोकळा होतो. त्यात ६५,५३६ पत्ते मावतात. तेवीस माणसं, एक स्कॅनर, आणि पाहुणे म्हणून साडेपासष्ट हजार. आमच्याकडं लग्नातसुद्धा एवढ्यांना आमंत्रण देत नाहीत.

आणि असं समजू नका की हा फक्त आपल्या गल्लीतला प्रकार आहे. खुद्द पोस्टफिक्सही, वीट्स व्हेनेमा यांच्यासारख्या संशयी माणसानं लिहिलेलं असूनही, कितीतरी वर्षं न सांगताच आजूबाजूच्या अख्ख्या सबनेटला ओळखीचं धरून चाले. २०१५ मध्ये, ३.० या आवृत्तीत, त्यानं हा मूळ भरवसा फक्त स्वतःच्या यंत्रापुरता आवरला. लिहिणाऱ्याला शेजाऱ्यांचा अंदाज आला. आमच्या मंडळींना अजून यायचाय.

आता मूळ कथा. पेठेतल्या एका सनदी लेखापालांच्या ऑफिसानं मला एका सोमवारी सकाळी बोलावलं. नाव सांगणार नाही; त्यांनी पैसे दिलेत. सुरक्षेचा थाट बघून मी बूट काढायच्या बेतात होतो. दारात अंगठ्याचं यंत्र, म्हणजे चहाला गेलं तरी थंब. पेनड्राइव्हला बंदी. दर तीस दिवसांनी नवा पासवर्ड, त्यात एक आकडा, एक मोठं अक्षर, एक चिन्ह. परिणामी प्रत्येकाचा पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात. प्रत्येक मेलच्या पायथ्याशी अकरा ओळींचा इशारा: मजकूर गोपनीय आहे, चुकून मिळाला असल्यास वाचू नये, नष्ट करावा, आणि हो, झाडं वाचवा, प्रिंट काढू नका. या इशाऱ्याची छापील प्रत भिंतीवर डकवलेली.

आणि जिन्याखालचा सर्व्हर शनिवार दुपारपासून वजन घटवायच्या गोळ्या विकत होता.

रांगेत अडकलेल्या मेल मी मोजायला बसलो आणि सोडून दिलं. बँका परत पाठवताहेत, आयकराच्या नोटिशींना उत्तरं जात नाहीत, अशिलांचे फोन. मोठे साहेब संतापलेले. "अहो, आमच्याकडून कुणीही असली मेल पाठवलेली नाही!" अगदी खरं, साहेब. रिले यालाच म्हणतात. तुमच्याकडून पाठवायची, पण तुम्ही पाठवायची नाही.

गंमत पुढंच आहे. तो अकरा ओळींचा इशारा सर्व्हरच बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलला चिकटवत होता. बिचाऱ्याला आपला-परका कुठं कळतं? त्यामुळं गोळ्यांची प्रत्येक जाहिरात, 'हा मजकूर गोपनीय असून चुकून मिळाल्यास नष्ट करावा' अशी लेखापालांच्या लेटरहेडच्या थाटात विनंती करत जगभर हिंडून आली. आपल्यालाच नष्ट करा म्हणून हात जोडणारं स्पॅम मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

कायद्याचंही बघा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणं मेल सर्व्हरवरचा हल्ला कळल्यापासून सहा तासांत कळवायचा आणि १८० दिवसांचे लॉग सांभाळायचे. साहेबांनी पहिले सहा तास 'आमच्याकडं असं होऊच शकत नाही' असं म्हणण्यात घालवले. लॉग होते, चार आठवड्यांचे. त्याआधीचे जागा करायला उडवले होते, कारण जागा भरत होती. कशानं भरत होती, हे आता सांगायला हवं का?

पण ओळखीच्यांची ती १९२.१६८ वाली यादी इथंही होती, आणि ती तर जुनीच. साडेपासष्ट हजारांची पंगत कित्येक वर्षं मांडलेली. बाहेरचा चोर तेवढ्यानं आत येत नाही, कारण त्याचा पत्ता १९२.१६८ नं सुरू होत नसतो. मग आत्ताच काय झालं? म्हटलं, दिवाळीनंतर काही बदललं का? "हो तर," साहेब अभिमानानं म्हणाले, "नवी फायरवॉल घेतली की." किंमतही सांगितली. तेवढ्यात माझी दुचाकी आली असती.

मी त्या डब्यासमोर बसलो, आणि अर्ध्या तासात मला मराठीतल्या एका म्हणीचा प्रयोग सजीव पाहायला मिळाला. जुना साधा राउटर बाहेरून आलेल्याला त्याच्या खऱ्या पत्त्यानिशी सर्व्हरपुढं उभा करायचा. सर्व्हर पत्ता बघून म्हणायचा, ओळखत नाही, चालते व्हा. नव्या फायरवॉलनं, बसवणाऱ्याच्या कृपेनं, येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर स्वतःचा सदरा चढवायला सुरुवात केली. रशियातून या, ब्राझीलमधून या, सर्व्हरपुढं सगळे १९२.१६८.१.१ म्हणूनच हजर. म्हणजे खुद्द फायरवॉल. तिच्यावर संशय कोण घेणार? ती तर ट्रस्टेड. कुंपणानं शेत खाल्लं, आणि कुंपणाची वॉरंटी अजून शिल्लक होती.

फायरवॉलवाल्याला बोलावलं. गळ्यात आयकार्ड, हातात टॅब, तोंडात 'पोश्चर', 'परिमिटर' आणि 'झीरो ट्रस्ट'. झीरो ट्रस्ट! ज्यानं येईल त्याला ट्रस्टेडचा सदरा चढवला, त्याच्या तोंडी. त्यानं कारण न बघताच उपाय सांगितला. "सर, सोपंय. पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या डोमेनचा असेल तरच रिले द्यायचा."

वाचकहो, तुम्ही हुशार आहात, तुमच्या ध्यानात आलंच असेल. पाकिटाच्या पाठीवर 'पाठवणार' म्हणून काय लिहायचं हे पाठवणारा ठरवतो. मी उद्या तिथं दिल्लीश्वर पृथ्वीराज चौहान लिहीन, एसएमटीपीला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणजे चोरालाच विचारायचं, 'काय रे, घर तुझंच ना?' आणि तो हो म्हणाला, की तिजोरीची किल्ली द्यायची. सेंडमेलमध्ये ही युक्तीही फीचर म्हणून मिळते, आणि तिथल्या माहितीपत्रकातच सांगून ठेवलंय की असं करू नका, पाठवणाऱ्याचा पत्ता कुणालाही खोटा लिहिता येतो. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! आणि पखालीनं तक्रार करू नये म्हणून तिला आयकार्ड.

मी नम्रपणे विचारलं, "बसवल्यावर रिले तपासला होता का?"

"येस सर. फुल टेस्टिंग केलं होतं."

"कुठून?"

"इथूनच. याच टेबलावरून."

स्वतःच्या घरात बसून, आतून दार ढकलून बघायचं, उघडलं की म्हणायचं, वा, कुलूप उत्तम आहे. आतून मेल जाणारच! कुलूप बाहेरून बघायचं असतं, आणि ते उघडत नाही हे बघायचं असतं. खर्च किती? शून्य. ऑफिसचं वायफाय सोडायचं, बाहेरच्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरवरून पंचवीस नंबरच्या पोर्टला हाक मारायची, आणि चार ओळींत सांगायचं: मी अमुक, पाठवणार तमुक, पोचवा तिसऱ्याच गावच्या माणसाला. उत्तर ५५४ आलं तर पेढे वाटा. २५० आलं तर वकील गाठा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून बऱ्याचदा हे जमत नाही, कारण पुरवठादारच ते पोर्ट अडवून बसतात. म्हणजे तिथं निदान कुणीतरी 'नाही' म्हणायला शिकलंय. पण एवढ्या वर्षांत मला हँडओव्हरच्या कागदांवर 'बाहेरच्याला नकार मिळाला' अशी ओळ एकदाही दिसलेली नाही. 'मेल सक्सेसफुली सेंट' मात्र ठळक अक्षरात, स्क्रीनशॉटसह.

घरी सर्व्हर चालवणारी हौशी जमात यातून सुटली असं समजू नका. आमचे एक मित्र आहेत. भाजी आणायला जाताना रस्ता ओलांडायचा तर दोन्हीकडं तीनदा बघतात. मेल सर्व्हर मात्र त्यांनी डॉकरच्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, बसवला आणि ओळखीच्यांत १७२.१६.०.०/१२ लिहिलं, का तर आपले सगळे डबे त्यातच राहतात. दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर पत्ते, डबे चार. आता डॉकरच्या काही मांडण्यांत बाहेरून आलेला पाहुणाही १७२.१७.०.१ हाच, डॉकरच्या फाटकाचा पत्ता लावून आत येतो. पुन्हा तोच सदरा! फरक एवढाच, की लेखापालांनी यासाठी लाखभर मोजले आणि यांनी ते रविवारी फुकटात साधलं.

माझ्याही घरी एक चिमुकलं यंत्र घुमतं, आणि तिथं मात्र नियती माझा व्यवस्थित सूड घेते. घरगुती जोडणीचे पत्ते स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउसच्या यादीत आधीच नोंदलेले असतात: या वस्तीतून थेट मेल घेऊ नये. वस्तीवरून माणूस जोखणं मला एरवी सहन होत नाही. पण इथं मुकाट्यानं होतं, कारण त्या वस्तीत वरच्यासारखे मित्र राहतात. त्यामुळं माझी मेल मी एका मोठ्या रिलेवाल्याकडं नेतो आणि त्याच्या दारात ५८७ नंबरच्या खिडकीशी नाव, पासवर्ड दाखवून अदबीनं उभा राहतो. ही खिडकी १९९८ च्या डिसेंबरात आरएफसी २४७६ नं काढली. आपल्या माणसांनी ओळख पटवून तिथून जावं, पंचविसाव्या दारी फक्त परगावचे सर्व्हर यावेत, एवढी सरळ वाटणी. तू कुठं उभा आहेस हे विचारू नका, तू कोण आहेस हे विचारा. एवढं कळायला लेखापालांना अडचण पडू नये. आयकर खातं पॅन विचारतं; करदाता कुठल्या खुर्चीत बसलाय ते विचारत नाही.

हे मी साहेबांना समजावत होतो. ते मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "ते सगळं बरोबर हो. पण नेटवर्क काढलंत तर स्कॅनर बंद पडेल. आणि स्कॅनर बंद पडून चालणार नाही. रिटर्नांचे दिवस आहेत."

बघा! गोळ्या विकल्या गेल्या, बँकांनी वाळीत टाकलं, आणि श्रद्धास्थान अढळ.

मी उठून स्कॅनरपाशी गेलो. त्याच्या पडद्यावरचं पत्त्यांचं पान उघडलं. अकरा नावं होती. मोठे साहेब, धाकटे साहेब, रिसेप्शनवरच्या मॅडम, दोन आर्टिकलशिपची पोरं, असे अकरा. सगळे याच ऑफिसचे, सगळ्यांचे पत्ते याच डोमेनचे. कागद स्कॅन होऊन ज्याच्या त्याच्या मेलबॉक्समध्ये पडायचा. अशिलाला पाठवायचा तर तो आपापल्या संगणकावरून पाठवला जायचा.

आता वॉचमन आठवा. पाकीट आपल्या रहिवाशाचं असेल तर आणणारा कोण हे तो विचारतच नाही. जोशांचं पाकीट पोस्टमननं आणलं काय आणि पानवाल्यानं आणलं काय! स्कॅनर आयुष्यभर फक्त जोशांची पाकिटं आणत होता. त्याला रिलेची परवानगी लागतच नव्हती. कधीच लागली नव्हती. ज्या देवासाठी अख्ख्या गावाला दार उघडं ठेवलं, त्या देवाला नैवेद्यच नको होता.

मी यादीतून ती ओळ काढली. सर्व्हर स्वतः, १२७.०.०.१, एवढाच ओळखीचा ठेवला. तेवीस माणसांना पासवर्ड लावून ५८७ ची वाट दाखवली. त्यात दुपार गेली, कारण प्रत्येकाला कीबोर्ड उलटा करावा लागला. मग साहेबांसमोर स्कॅनरवर त्यांच्याच पॅनकार्डाचा स्कॅन काढून त्यांना पाठवला. पोचला. ते दोन मिनिटं गप्प होते.

मग माझं बिल त्यांनी हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "एक ओळ तर काढलीत. तिचे एवढे?"

घासाघीस होऊन वीस टक्के कमी झाले. फायरवॉलवाल्याचं एएमसी मात्र पुढच्याच महिन्यात दोन वर्षांसाठी रिन्यू झालं, पूर्ण दरानं. गोळ्यांच्या प्रकरणानंतर ऑफिसला सुरक्षेचं महत्त्व पटलं होतं ना.